डावा खांदा

१२ नोव्हेंबर १९५८, बुधवार

ही वही मले इनामात भेटली. खोटं बोलल्याबद्दल. पाळकसाहेबाले ते माहीत नाही म्हून वही भेटली, नाही त कानफटात भेटली असती.

झालं असं. दर बुधवारी आमच्या मराठी ख्रिस्ती लोकायची घरप्रार्थना असते, पोलादाचा कारखाना बांधणाऱ्या मजुरायच्या कँप-1 मधे, एक हप्ता एकाच्या घरी, दुसरा हप्ता दुसऱ्याच्या. गीत होते, शास्त्र, म्हणजे बायबल, वाचणं होते, मंग साक्ष. ज्याच्यासाठी देवानं काही केलं त्यानं उभं राहून सांगाचं. बुढे सांगतेत, बाया रडतेत, मी मागच्या भितीले टेकून झोपतो. आज सिंधुताईच्या घरी पाळकसाहेब म्हणाले, "तरुणांपैकी कोणी?" नेमकी तवाच माह्यी झोप मोडली अन् मी मान वर केली. सगळे माह्याकडे पाहाले लागले.

आता उभा झालो त काही सांगणं आलं. मी सांगतलं, गेल्या सोमवारी शेडाच्या गर्डरवर, तीस फूट वर, माह्या पाय निसटला, मी खाली येऊन राहिलो होतो, त कोणीतरी मागून माह्यी कॉलर धरली. वळून पाह्यलं त कोणीच नाही.

मंग सिंधुताईनं नाक ओढलं, अन् तिच्या मागं सगळ्या बायायनं. पाळकसाहेबायनं डोळे पुसले, पिशवीतून ही कोरी वही काढली. म्हणे, "चंपत, तुझ्यावर उपकार झालेत. रोज लिहीत जा."

घरी येता येता दादा संग होता. दादा म्हणजे माह्या मोठा भाऊ, फकिरा. सेंट्रिंगचा सुतार आहे. गल्लीच्या तोंडाशी आल्यावर म्हणते, "काय बे चंप्या, तुले तीस फुटावर कोणं चढवलं? तू त खाली दोर धरते."

"दोर धरता धरता मन वर जाते ना."

असा हासला, असा हासला, की सत्यशीला वहिनीनं त्याचा हात ओढला. लोक पाहून राहिले होते. मंग हळूच म्हणते, "मायले सांगू नको. ती रडली आहे आज. तिचं रडणं फुकट नको जाऊ देऊ."

१६ नोव्हेंबर, रविवार

जेवता जेवता मायची साक्ष करून दाखवली. वहिनीचं लुगडं डोक्यावरून घेतलं, हात जोडले, आवाज बारीक केला. मायची साक्ष मले पाठ आहे. तिची एकच साक्ष आहे, मी पाळण्यात होतो तवापासून तीच.

"भाऊ-बहिणींनो, तीन लेकरं झाली, तीन गेली. चौथा हा. म्हून नाव ठेवलं फकिरा, मागून आणलेलं लेकरू कोणाच्या नजरेत येत नाही म्हून. पाच महिन्याचा होता, आंग तव्यासारखं, डोळे वर. गाव म्हणे, मिशनच्या दवाखान्यात नेऊ नको, बाटवतीन. दमनीले एकच बैल. दुसरा त्याच साली मेला होता. त यायनं, फकिराच्या बापानं, जूचं दुसरं टोक आपल्या उजव्या खांद्यावर घेतलं..."

"डावा!" माय चुलीपासून ओरडली. "डावा खांदा रे मेल्या! बापाचा खांदा बी ठाऊक नाही!"

मी मुद्दाम उजवा म्हणतो. दर वेळी. अन् दर वेळी ती ओरडते.

"...डाव्या खांद्यावर घेतलं. अठरा मैल. एका अंगाले बैल, एका अंगाले माणूस. दवाखान्यातली बाई म्हणे, औषध मी देते, बाकी देवाले माग. म्या म्हटलं कोणत्या? ती म्हणे, जो आयकते त्याले. चौथ्या दिवशी यानं डोळे उघडले. ज्यानं माह्या फकिरा वाचवला त्याचं नाव म्या घेतलं. एवढीच माह्यी साक्ष."

दादा अशा वेळी खाली पाह्यते. सव्वीस वर्षांचा माणूस, मिशा आहेत, अन् अख्ख्या सभेसमोर दर महिन्याले त्याचे डोळे वर जातेत. त्याचे कान लाल होतेत. आज बी झाले.

बाबा जाऊन चार वर्षं झाली. त्यायच्या खांद्यावर घट्टा होता. कोणत्या खांद्यावर ते म्या कधी पाह्यलं नव्हतं, हेही खरं.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

आज लय मजा झाली अन् मंग झाली नाही.

आमच्या शेडावर एक रशियन साहेब येते. गोरा, मोठा, घाम असा गळते की बादली धरा. त्यानं मले खुणेनं विचारलं, सकाळी भेटल्यावर तुमी लोक काय म्हणता? म्या शिकवलं. हप्ताभर घोटून घेतलं. आज सकाळी तो मारोतराव मुकादमासमोर उभा झाला, टोपी काढली अन् म्हणाला, "सासरेबुवा, पोरगी कधी पाठवता?"

दोनशे माणूस. हासता हासता एकाचा घमेला पायावर पडला.

मारोतराव हासला नाही. त्याची पोरगी खरंच लग्नाची आहे, ते मले माहीत नव्हतं. त्यानं मले विचारलं बी नाही कोणं शिकवलं म्हून. हजेरीत माह्ये आंधीच दोन नागे आहेत. म्हणे, "तिसरा नागा झाला त नाव खारीज. अन् लय उडते ना तू? सोमवारपासून वर चढाचं. खालचा दोर दुसरा धरीन."

३ डिसेंबर, बुधवार

तीन दिवस झाले, वर काम करून राहिलो. वर हवा मस्त आहे. पार बोरसी गावापर्यंत दिसते. गर्डर एक बित्ता रुंद आहे, म्हणजे तसा पुष्कळ झाला.

जेवाले खाली उतरतो त भाकर जात नाही. हवेनं भूक मरते वाटते. हाताले बी थंडी भरते वर, कापतेत.

आज दादा त्याचं काम सोडून शेडाखाली येऊन उभा होता. कावून आला ते बोलला नाही. संध्याकाळी म्हणते, "भेते का बे?"

"भेते तुह्या बाप."

"माह्या बाप तोच तुह्या बाप, गधड्या," म्हणे.

घरप्रार्थनेले गेलो नाही. थकलो होतो.

७ डिसेंबर, रविवार, सकाळ

अंथरुणात लिहून राहिलो. मले ताप आहे.

शाळेत असताना शिकलो होतो. कांदा चिरून काखेत दाबाचा अन् तासभर पडून राहाचं. आंग असं गरम होते की मास्तरच घरी धाडते. दुर्ग शहरात सरकस आली आहे, आज तिचा शेवटचा दिवस. म्हून. दुसरं काही कारण नाही.

माय पहाटेच दुर्गाच्या ख्रिस्ती देवळात गेली. नाताळ आला, झाडझूड अन् गीतांची तालीम आहे. तिले काहीच माहीत नाही, ते बरंच झालं. वहिनीनं कपाळाले हात लावला, घाबरली, ओलं फडकं ठेवलं. म्या कण्हलो. मस्त कण्हलो. म्हटलं, वहिनी, आज नागा झाला त नाव खारीज, काय करू वो?

दादाले रविवारची सुट्टी असते, देवळात जाता यावं म्हून त्यानं मागून घेतली आहे. तो आला, माह्याजवळ बसला. कपाळाले हात लावलाच नाही. नुसता बसला. मंग माह्या पितळेचा बिल्ला खुंटीवरून काढला, 611. म्हणे, "एक दिवसाची बदली मारून येतो. गेटवर बिल्ला पाह्यतेत, थोबाड कोण पाह्यते."

सगळेच करतेत असं. भावाच्या बिल्ल्यावर भाऊ, साल्याच्या बिल्ल्यावर साला.

जाता जाता दारातून म्हणते, "संध्याकाळी माह्यासाठी भाजलेले शेंगदाणे आणजो."

आता तापातल्या माणसाले कोणी शेंगदाणे आणाले सांगते का? येडाच आहे दादा. वहिनी पाण्याले गेली की निंघतो.

१५ डिसेंबर, सोमवार

आठ दिवस वही उघडली नाही. आज उघडतो. ज्या पानावर मी त्याले येडा लिवलं, त्याच्या मागंच लिहा लागते.

सरकस मस्त होती. हे लिहाले लाज वाटते पण लिहितो. एक माणूस वरच्या झुल्यावरून सुटला अन् दुसऱ्यानं त्याचे दोन्ही हात धरले. म्या टाळ्या वाजवल्या. म्या हिशेब लावून पाह्यला आहे, तीच वेळ होती.

दिवेलागणीच्या आंधी घरी आलो. हातात शेंगदाण्याची पुडी. गल्लीत माणसं. मले पाहून एक बाई ओरडली अन् आपल्या घरात पळाली. मले वाटलं, माह्यी चोरी पकडली.

माय उंबऱ्यात बसली होती, केस सुटलेले. ठेकेदाराचा मुन्शी भैय्याजी सायकल धरून उभा. तो सांगून चुकला होता, "बिल्ला 611, चंपत. पाडाच्या बांबूवरची फळी सरकली, वरून पडला. ट्रकमधून आणून राहिले." माय देवळातून आली, मले अंथरुणात पाह्यलं नसन, तिच्या लेखी मी कामावरच होतो. ती माह्यासाठी रडून राहिली होती.

तिनं मान वर केली. मले पाह्यलं. तिच्या तोंडावर जे आलं ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. उठली नाही, गुडघ्यावरच चालत आली, माह्ये पाय धरले, पोट धरलं, तोंड धरलं. "प्रभू, उठवला! माह्या लेकराले उठवला! लोकहो, पाहा, माह्या चंपत!" अन् लोक बी गुडघ्यावर आले. सिंधुताई बी.

म्या वहिनीकडे पाह्यलं. ती चुलीजवळ उभी होती, भितीले चिकटून. तिले पहिल्यापासून माहीत होतं त्या बिल्ल्यावर कोण गेलं ते. भैय्याजीनं नंबर सांगतला तवापासून. माय माह्यं नाव घेऊन रडून राहिली होती, अन् ती आपल्या नवऱ्याचं नाव तोंडातून काढू शकत नव्हती. काढलं असतं त खरं झालं असतं.

माय हासता हासता थांबली. म्हणे, "मंग तो कोण आहे? ट्रकमधे कोण आहे?"

माय एकेकाचं तोंड पाहाले लागली.

"फकिरा कुठी आहे?"

पुडी माह्या हातातच होती.

१८ डिसेंबर, गुरुवार

८ तारखेले दुर्गाच्या कबरस्तानात माती देल्ली. पाळकसाहेबापाशी मयताचा कागद आला त्याच्यावर नाव माह्यं. चंपत. वय एकोणीस.

भैय्याजी म्हणे, "रजिस्टरात 611 मेला. आता बदलीवर होता म्हून सांगतलं त तो कोणाचाच नाही, ना ठेकेदाराचा ना तुमचा. वरून मारोतराव बी जाईन, मी बी जाईन. जे लिवलं ते राहू दे. दादाचा बिल्ला 418 आहे ना? तू तो घे. तू फकिरा."

मायनं कागद हातात बी घेतला नाही. पाळकसाहेबाले म्हणे, "कागदावर काहीही लिवा. मातीत माह्या फकिरा आहे. देवाले कागद लागत नाही."

आता रोज सकाळी गेटवर भैय्याजी ओरडते, "418, फकिरा!" अन् मी म्हणतो, "हाजिर."

सुतारायच्या टोळीत टाकलं मले. दादाची पेटी, दादाचा रंधा. कबरीवरचा क्रूस म्याच केला. जोड बसला नाही. दोन्ही लाकडायले खाच पाडाची असते, सारखी, मंग एक दुसऱ्यात बसते. म्या एकीत जास्त पाडली. फटीत पाचर ठोकली. दादानं पाह्यलं असतं त म्हटलं असतं, काय बे, हे दातात काडी कोंबल्यासारखं काय केलं.

नाव मात्र खोल कोरलं. फकिरा.

शेंगदाण्याची पुडी त्याच्या पेटीत ठेवली आहे, पटाशीखाली.

२५ डिसेंबर, गुरुवार

नाताळ. माय देवळात गेली. मले वाटलं नव्हतं जाईन म्हून. पांढरं लुगडं नेसली, सगळ्यात समोर बसली. गीतात तिचा आवाज सगळ्यायच्या वर. मले तिचा राग आला. असं कसं गाता येते?

मंग साक्षीच्या वेळी ती उठली. मले वाटलं, आता ती फकिराची साक्ष कशी सांगन? ज्याच्या वाचण्यावर तिचा सारा देव उभा आहे, तोच राह्यला नाही.

तिनं दुसरीच सांगतली. दादा माह्या बदलीवर कावून गेला असं तिनं विचारलं होतं, तवा म्या तापच सांगतला होता. म्हणे, "भाऊ-बहिणींनो, त्या दिवशी माह्या लहान्याले ताप आला. सकाळी बरा होता, अन् एकदम ताप. तो ताप कोणं देल्ला? त्या जागी त्याले जाणं होतं, ताप नसता त हा गेला असता. देवानं मोठ्याले बलवलं, पण लहान्याच्या कपाळावर आपला हात ठेवला. माह्या पदरात एक राहू देल्ला. मले त्याच्यावर रुसता येत नाही."

सगळे म्हणाले, प्रभूची स्तुती असो.

मी बाहेर आलो. विहिरीवर बादली ओढली अन् कपाळ धुतलं.

३० डिसेंबर, मंगळवार

वहिनी माह्यासंग बोलत नाही. म्हणजे वाढते, पाणी देते, पण बोलत नाही. आज माय सिंधुताईकडे गेली होती. वहिनी दादाच्या आंगरखीची घडी करून राहिली होती. तीच ती आठ-दहा वेळा उलगडली, घडी केली.

म्हणे, "भाऊजी, कांदा म्या फेकला. तुमच्या अंथरुणातून. मायच्या हाती लागू नाही म्हून."

वहिनीनं आंगरखी परत उलगडली.

"यायले बी माहीत होतं," म्हणे. "खोलीत वास सुटला होता, कांद्याचा. मी घाबरली, मले समजलं नाही, पण ते हासले. बाहेर येऊन मले म्हणे, सत्या, पोट्ट्याले ताप नाही, भेव आहे. वर चढाले भेते. हप्ताभरापासून भाकर खात नाही, हात कापतेत, कबूल करत नाही. म्या खालून पाह्यलं आहे. एक दिवस त उतरू दे त्याले. मी मारोतरावले बोलतो, खाली घे म्हणतो. अन् म्हणे, माहीत आहे म्हून सांगू नको त्याले, लाजन."

सरकशीसाठी गेलो होतो मी. वर लिवलं आहे. दुसरं काही कारण नाही असं बी लिवलं आहे.

मंग वहिनी म्हणे, "मले तुमचा राग आहे. खोटं नाही बोलत. पण त्यायचा बी आहे. हासत कावून गेले?"

म्या विचारलं, मायले सांगू का?

"सांगा नाही त नका सांगू. मी सांगणार नाही. पण तिच्यापाशी आता तेवढंच आहे, तुमचा ताप."

४ जानेवारी १९५९, रविवार

सांगतलं.

राहावलं नाही. रोज संध्याकाळी माय माह्याजवळ येते अन् कपाळाले हात लावते. ताप पाह्यते असं नाही. देवानं जिथं हात ठेवला तिथं ती ठेवते. शेजारच्या बायायले बी दाखवते. एकीनं आपलं आजारी लेकरू आणून माह्या कपाळाले टेकवलं. मंग मले वाटलं, आता मी वेडा होतो.

आज तिचा हात कपाळावर होता तवाच बोललो. "माय, ताप नव्हता. काखेत कांदा होता. मी सरकशीले गेलो. दादाले माहीत होतं. तो माह्या जागी गेला."

तिनं हात उचलला अन् पदराले पुसला. भाकरी झाल्यावर पीठ पुसते तसा.

मारलं असतं त बरं झालं असतं.

११ जानेवारी, रविवार

माय देवळात गेली नाही. शास्त्र फडक्यात बांधून कोनाड्यात ठेवलं आहे, सात दिवसात सोडलं नाही. जेवाच्या आंधी हात जोडत नाही. आमीच दोघं जोडतो, तिच्याकडे न पाहता.

सैपाक करते. माह्यं ताट वाढते. बोलत नाही. वहिनीसंग बी दोन शब्दाच्या वर नाही.

पाळकसाहेब आले होते. चहा देल्ला. ते बोलत होते, ती चुलीतली राख ओढत होती. जाता जाता मले म्हणाले, "चंपत, आईला काय झालं? नाताळला तर किती खंबीर होती."

म्या म्हटलं, काही नाही, थंडी आहे.

मले एक गोष्ट रोज आठवते. म्या खोटी साक्ष देल्ली होती, की मी पडून राहिलो होतो अन् कोणीतरी कॉलर धरली. दादाले कोणी धरलं नाही. माह्या खोट्यात धरते अन् त्याच्या खऱ्यात धरत नाही, हा कसा हिशेब आहे? पाळकसाहेबाले विचारणार होतो. वही परत मागतीन म्हून नाही विचारलं.

गेटवर, "फकिरा!" "हाजिर."

२१ जानेवारी, बुधवार

आज आमच्या घरची पाळी होती. पाळी ठरलेली असते, दुःख असो की काही असो. वहिनीनं मायले विचारलं, लोकायले नाही म्हणू का? मायनं उत्तर देल्लं नाही, पण दुपारी उठून जमीन सारवली. म्हून लोक आले.

गीत झालं. माय गायली नाही. चुलीजवळ भितीकडे तोंड करून बसली होती. शास्त्र वाचलं. मंग पाळकसाहेब म्हणाले, "साक्ष?" अन् सगळे मायकडे पाहाले लागले, नाताळसारखं काही आयकाले भेटन म्हून.

ती हालली नाही. चुलीवर चहाचं पाणी उकळून राहिलं होतं.

मी उभा झालो. मले माहीत नव्हतं मी उभा होणार आहो म्हून.

सिंधुताई म्हणे, "चंपत, बस बाप्पा खाली. आज मस्करी नोको करू."

पाळकसाहेब म्हणाले, "बोलू द्या."

म्या म्हटलं, "ही माह्यी नाही. मायची आहे. ती सांगत नाही म्हून मी सांगतो."

अन् सुरू केलं. लुगडं नाही, बारीक आवाज नाही. तीन लेकरं झाली, तीन गेली. चौथा फकिरा. पाच महिन्याचा होता, आंग तव्यासारखं. गाव म्हणे नेऊ नको. दमनीले एकच बैल. दुसरा त्याच साली मेला होता. त बाबानं जूचं दुसरं टोक आपल्या उजव्या खांद्यावर घेतलं...

मुद्दाम नाही म्हटलं. आजवर मस्करीत इतक्यांदा म्हटलं की जिभेवर तेच बसलं होतं. म्हटलं अन् समजलं. मंग पुढचं आठवेना. नुसता उभा राह्यलो. अठरा मैल की किती, काहीच आठवेना.

"डावा."

माय बोलली. भितीकडेच तोंड होतं.

"डावा खांदा," म्हणे. "अठरा मैल. एका अंगाले बैल, एका अंगाले माणूस." मंग ती वळली. उभी झाली नाही, बसल्या बसल्याच सांगाले लागली, हळू, पहिल्यांदा सांगल्यासारखं. दवाखान्यातली बाई, औषध, जो आयकते त्याले माग. चौथ्या दिवशी डोळे उघडले. इथपर्यंत आली अन् थांबली. इथं ती दर वेळी म्हणते, ज्यानं माह्या फकिरा वाचवला. आम्ही सगळे त्याच शब्दाची वाट पाहून राहिलो होतो, वहिनी बी, अन् मले वाटलं आता तो येणार नाही अन् माय इथंच तुटन.

ती म्हणाली, "सव्वीस वर्षं देल्ला."

बस. "एवढीच माह्यी साक्ष," म्हणे.

मी अजून उभाच होतो. म्हून माह्यी बी सांगून टाकली. की नोव्हेंबरातली कॉलर खोटी होती. ताप खोटा होता. मी वर भेत होतो. कागदावर जो मेला तो मी आहो, अन् मातीत आहे तो दादा आहे, अन् तो माह्या जागी गेला, माहीत असून, हासत. देवानं धरलं की नाही धरलं ते मले समजत नाही. मले फक्त एवढं माहीत आहे की कोणीतरी माह्या जागी गेलं.

कोणी रडलं नाही. सिंधुताईनं नाक बी ओढलं नाही. खोट्याले सगळे रडले होते.

उद्या गेटवर भैय्याजीनं फकिरा म्हटलं त मी हाजिर म्हणणार नाही. मंग काय म्हणीन, ते ठरवलं नाही.

पाळकसाहेबायनं प्रार्थना केली, लहानशीच, दोनदा अडकले. मंग ज्याचं घर असते त्यानं काही वाटाचं असते, गूळ नाही त चणे. वहिनी डबे शोधाले लागली. घरात काही नव्हतं. माय उठली, दादाच्या पेटीपाशी गेली, पटाशी उचलली अन् पुडी काढली. तिले ती तिथं आहे हे कधीपासून माहीत होतं कोण जाणे. कोणासाठी आणली होती ते म्या कधी सांगतलं नव्हतं.

तिनं एकेकाच्या हातावर थोडे थोडे ठेवले. पाळकसाहेब, सिंधुताई, वहिनी. वहिनीपाशी जरा थांबली. सगळ्यात शेवटी माह्यासमोर आली. माह्याकडे पाह्यलं नाही. पण माह्या हात धरून उघडला, अन् राह्यले होते तेवढे सगळे त्याच्यावर टाकले.

सादळले होते, दीड महिना झाला ना. सगळ्यायनं खाल्ले.